देवचाराचा स्मगलर कसा झाला

अलीकडे मला तरुण मुलींचे फोन येऊ लागले आहेत. त्या कुठल्यातरी प्रकाशनाच्या असतात, नाहीतर कुठल्यातरी पडद्यासाठी मालिका लिहीत असतात, आणि त्यांचा आवाज नेहमी जिना धावत चढून आल्यासारखा असतो. मॅम, तुम्ही त्या काळात कोकणातल्या मिथकांवर फँटसी लिहिली होती म्हणे, आता त्याला खूप मागणी आहे. तेव्हा अंधश्रद्धा म्हणून ज्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं, त्यालाच आता मिथक म्हणायचं आणि पाट मांडायचा, असा या लोकांचा रिवाज आहे. परवाच्या मुलीने तर कमाल केली. माझ्या पुस्तकाची एक जुनी प्रत तिला रद्दीवाल्याकडे मिळाली होती, पण तिच्यात म्हणे शेवटचं प्रकरणच नव्हतं. ते कुठे मिळेल? मी सांगितलं की तुझी प्रत बरोबर आहे, ज्यांच्या प्रतीत ते प्रकरण आहे त्यांच्या प्रती चुकीच्या आहेत. म्हातारीला नीट ऐकू आलेलं नाही असं समजून तिने प्रश्न पुन्हा, जरा मोठ्याने विचारला. फोन ठेवल्यावर सवयीने आतल्या खोलीकडे वळून आबांना हे सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. आबा, माझे वडील, जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. तोंड मिटायला अजून वेळ लागतो. म्हणून हे लिहायला घेतलं आहे, आणि मला कसलीही घाई नाही.

आम्ही दहिसरला राहायचो, नदीच्या अंगाला असलेल्या एका बैठ्या चाळीत. मागच्या बाजूला तबेला होता, त्यामुळे आमची सकाळ म्हशींच्या साखळ्यांनी आणि दुधाच्या कॅनच्या आदळआपटीने व्हायची. दुपारी डोंगराकडच्या खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची पितळेची भांडी किणकिणत, आणि आई हातातलं काम न सोडता दुसऱ्या हाताचा तळवा भांड्यांवर ठेवायची, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा. आबा गिरणीत होते. संप झाला, लांबला, आणि नंतर गिरणी त्यांची राहिली नाही. मग ते नाक्याजवळच्या एका लहान कारखान्यात खोकी बांधायला जाऊ लागले. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. नातेवाईक येऊन संपाबद्दल मोठमोठ्याने बोलत, चहा पीत, दोष वाटून देत आणि निघून जात. आबा त्यांच्या कपबशा आत नेऊन ठेवत. संध्याकाळी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. बांगडा चुलीवर पडला की वास सगळ्या चाळीत जाई, आणि शेजारच्या शहा काकू खिडकी लावून घेत. त्यांची मुलगी नीला मात्र तीच खिडकी हळूच उघडून बघत बसे.

घरात आम्ही मालवणी बोलायचो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की पुस्तकातली मराठी. मला ते कपडे बदलण्याइतकं सोपं जायचं. मी एकुलती एक, गप्प आणि वाचणारी. लायब्ररीतून आणलेल्या मुलांच्या गोष्टी मी कॉलेजात गेल्यावरही वाचत असे. त्यांत दोनच प्रकार असत. एकात परी असे, आणि दुसऱ्यात चार मुलं नि एक कुत्रा मामाच्या गावाला जाऊन भूत पकडत. भूत म्हणजे नेहमी स्मगलर निघे. पांढरी चादर, हातात कंदील, किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटं, शेवटी इन्स्पेक्टरसाहेब मुलांची पाठ थोपटणार. असल्या गोष्टी लिहिणारी माणसं कोकणात दोन दिवस राहायला जात असावीत, आणि तेही मासे खायला.

आमच्या गावाला देवचार आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: देवचार म्हणजे भूत नव्हे. तो गावाच्या सीमेचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि रोज रात्री गावाची सीमा पायांनी चालून पुरी करायची, एवढंच त्याचं काम. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून गाव त्याला नव्या वहाणा करून वाहतं, चांगल्या मोठ्या, कातड्याच्या. लहानपणी मी आबांना विचारलं होतं की देवचार गाव राखतो, पण अर्धं गाव तर मुंबईत आलंय. कोण घाटकोपरला, कोण मानखुर्दला, आपण दहिसरला. मग आपल्याला कोण राखतं? आबा विडीची राख झटकत म्हणाले होते, "येता मां तो. हयसर सुदीक सीम वाडली तेची. चलूक जास्ती लागता इतक्याच." इथपर्यंत त्याची सीमा वाढली, चालायला जास्त लागतं इतकंच. हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी सांगेल की बसचा शेवटचा थांबा आता पुढे नेलाय.

माझी कादंबरी त्या एका वाक्यातून आली. तेरा वर्षांची एक मुलगी दहिसरच्या नदीवर कपडे धुवायला जाते आणि तिला एक थकलेला, उंच माणूस दगडावर बसलेला दिसतो. त्याच्या वहाणांना तळ उरलेला नाही. गावातली माणसं पांगली, म्हणून त्याची सीमा लांबत लांबत शहरभर गेली आहे, आणि आता ती कुठे संपते हे त्यालाच कळेनासं झालं आहे. मुलगी त्याला वाट दाखवायचं कबूल करते. मग ती दोघं शहरात पांगलेल्या गावच्या एकेका घराच्या दारावरून चालत जातात, आणि वाटेत या शहराचे आपापले राखणदार त्यांना भेटतात, खाडीचे, खाणीचे, गोराईच्या होड्यांचे. काही वाट देतात, काही देत नाहीत. सगळी माणसं मालवणी बोलतात, कारण ती मालवणीच बोलली असती. मी रोज संध्याकाळी लिहिलेलं आईला आणि आबांना वाचून दाखवायची. आई तांदूळ निवडता निवडता ऐके. आबा मान खाली घालून ऐकत, आणि एके दिवशी त्यांनी मान वर केली.

"बाय, तेका इचारलंस काय?"

मी म्हटलं, कोणाला? ते म्हणाले, ज्याच्यावर लिहितेस त्याला. आधी विचार, मग छाप.

आता हे ऐकून हसणारे पुष्कळ आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकाची ओळख पुढे करून देतेच. मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा आबांनी देवळात देवचाराच्या नावाने कौल लावला. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमची डावी पडली, आणि तीही लगेच. मला वाटलं, संपलं. पण आबा नि गुरव खाली बसले आणि शांतपणे विचार करू लागले की देवाला नेमकं काय खटकलं असेल. तो बसतो ते झाड, ती जागा नावानिशी सांगितली म्हणून? पुन्हा पाकळ्या लावल्या. जागा गाळली तर चालेल का? पाकळ्या हलल्याच नाहीत. आणखी काहीतरी होतं. मग आबांनी मला विचारलं की गोष्ट संपते कशी. तेव्हाच्या शेवटात देवचार दमून नदीकाठी काठी रोवतो आणि विसावतो असं मी लिहिलं होतं. मला ते फार सुंदर वाटत होतं. आबा म्हणाले, "थंयच चुकलंस. तो थांबलो तर राखतलो कोण?" आणि त्यांनी देवाला विचारलं की त्याला शेवटापर्यंत चालता ठेवला तर? उजवी पाकळी पडली.

मी पुढे बरेच संपादक पाहिले. त्या देवाइतका चांगला एकही मिळाला नाही. त्याला गोष्टीतली खोट कळली होती, त्याने ती नेमकी सांगितली, आणि पुन्हा विचारायला गेल्यावर अपमान केला नाही. माझा देवावर विश्वास होता का, असं लोक मला खोदून विचारतात. माझा आबांच्या शब्दावर होता, आणि त्या दिवशी त्यांनी शब्द दिला. उभं राहून, हात जोडून, आमच्याकडे कुठल्याही कामाआधी घालतात तसं त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझी गोष्ट लिवल्यान हा. ती परक्या मुलखात, परक्या हातात जातली. थंय तुझी चाल कोणी मोडूचो नाय, तुका कोणी अडवूचो नाय, ह्यो शब्द मी दितंय. काय चुकला तर तिच्यावर धरू नको. माझ्यावर धर, रे म्हाराजा."

आणि आजूबाजूची माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मुंबईला परतताना आबा इतके निश्चिंत होते की मीही निश्चिंत झाले. सगळ्यांत मोठा होता त्यानेच होकार दिल्यावर बाकीच्यांचं काय, असा त्यांचा हिशेब. असा भोळेपणा आमच्या लोकांनाच जमतो. वरची परवानगी घ्यायला रात्रभर एसटीने जायचं आणि खालच्या माणसाकडून साधी कबुलीही घ्यायची नाही.

खालचा माणूस मुलुंडला राहत होता. मुलांच्या पुस्तकांचे संपादक म्हणून त्यांचं नाव होतं, आणि सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते स्वतःही स्वतःला भाऊसाहेबच म्हणत असावेत. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, आणि पुस्तकांपेक्षा काच जास्त पुसलेली होती. मी दोन-तीनदा तिथे गेले. दर वेळी त्यांच्या पत्नी मला विचारत की तुमच्यात रोज मासे लागतात ना गं, आणि उत्तराची वाट न बघता आत जात. भाऊसाहेबांनी माझं हस्तलिखित वाचलं होतं. भाषा ओघवती आहे म्हणाले. मग चष्मा काढून पुसू लागले. चष्मा पुसणाऱ्या माणसाला मी तेव्हापासून भिऊन असते.

त्यांचं म्हणणं असं होतं की मालवणी संवाद मुलांना झेपणार नाहीत. ते प्रमाण भाषेत करावेत, हवं तर एखाद्या गड्याच्या तोंडी मालवणी ठेवावी, तेवढीच गंमत. दुसरं म्हणजे हा देवचार. मुलांच्या मनावर असला संस्कार होता कामा नये. मी फार कमी बोलणारी होते, पण तेवढं विचारलं की तुम्ही तर परीकथांची माळच छापली आहे, मग परी कशी चालते?

"हे बघ मुली," भाऊसाहेब म्हणाले, "परी कुणाचीच नसते. तिच्यावर कोणी खरोखर विश्वास ठेवत नाही, म्हणून ती निरुपद्रवी. हा तुझा जो कोण आहे, त्याला लोक अजून चपला वाहतात."

त्यांच्या आयुष्यात ते जे काही बोलले असतील, त्यातलं हे एकच वाक्य विचार करण्यासारखं होतं, आणि त्यांनी ते नकार म्हणून वापरलं. जे कोणाचंच नाही तेच सगळ्यांना वाढायचं, अशी त्यांची पंगत. ज्याच्या घरात अजून काही जिवंत आहे त्याने ते दाराबाहेर काढून यायचं. पण शेवटी ते हसले आणि म्हणाले की बरं, राहू दे, किरकोळ काही असेल ते मी बघून घेईन. मी हो म्हटलं. कौल उजवा होता. किरकोळ ते काय असणार?

पुस्तक आलं तेव्हा आई बोंबील निवडत होती. मुखपृष्ठावर माझं नाव, आणि त्याखाली चार मुलं नि एक कुत्रा. माझ्या गोष्टीत कुत्रा नव्हता. मी उभ्या उभ्या पानं उलटली. मालवणी गेली होती. नदीवरचा देवचार आता 'हे बालिके' म्हणत होता. तरी त्याची चाल होती, वाट होती, खाडी होती, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो माझ्या शब्दांत अंधारात पुढे पुढे जात होता. त्यानंतर एक नवंच प्रकरण होतं. त्यात मुलं त्याच्यावर जाळं टाकतात. घोंगडीखाली स्मगलर निघतो. वहाणांना चमकणारं रसायन फासलेलं, आणि त्यांच्या जाड तळांत सोन्याची बिस्किटं. इन्स्पेक्टरसाहेब येतात. पाठ थोपटतात. कुत्रा भुंकतो.

आबा कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि दिव्याखाली बसून पहिल्या पानापासून वाचू लागले. ते ओठ हलवत वाचायचे. जेवण झाकून ठेवलं. शेवटच्या प्रकरणाला आले तसे त्यांचे ओठ हलायचे थांबले.

"ह्यो चोर कोण?"

मी सांगितलं की तो भाऊसाहेबांनी घातला.

"तेना कोणाक इचारल्यान?"

कोणालाच नाही, मी म्हटलं. आबा चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, आणि मला कळलं की ते पुस्तकाचा विचारच करत नाहीत. त्यांनी शब्द दिला होता. देवचाराला कोणी अडवणार नाही म्हणाले होते, आणि त्याच्या राखणदारीवर चोरीचा आळ घेऊन, त्याला जाळ्यात बांधून, त्यांच्या मुलीच्या नावाने छापला होता. 'माझ्यावर धर' हे ते उगीच म्हणाले नव्हते. पुढच्या दिवसांत ते कारखान्यात जाताना उंबऱ्यावर जरा थांबत आणि मग बाहेर पडत, मार खायला तयार असलेल्या माणसासारखे. मी भाऊसाहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की मूळ सूर राखून आवश्यक ते संस्करण केले आहे, नवोदितांनी याबाबत संवेदनशील असू नये. संवेदनशील असू नये, हे लेखकाला सांगणारा संपादक म्हणजे ओला होऊ नकोस असं माशाला सांगणारा.

रविवारी सकाळी आबांनी दाढीचं नवं पातं काढलं, लेखिकेच्या म्हणून आलेल्या प्रतींचा गठ्ठा पुढ्यात घेतला, आणि प्रत्येक प्रतीतून ते प्रकरण मुळापासून कापून काढलं. घाई नाही, ओरखडा नाही. गिरणीत तुटलेले धागे जोडण्यात हात तयार झालेला माणूस होता तो; कापतानाही काही तुटल्यासारखं दिसलं नाही. कापलेली पानं आईने उचलली, दोन बोटांत चोळून पाहिली.

"कागद जाडो असा," ती म्हणाली. "बरो."

त्यात तिने सुके बोंबील बांधून ठेवले. पुढे बरेच दिवस आमच्या फळीवर इन्स्पेक्टरसाहेब पाठ थोपटत होते आणि त्यांच्या हाताला बोंबलाचा वास येत होता. त्या प्रकरणाचं इतकं योग्य परीक्षण कुठल्याही मासिकात आलं नाही.

कापलेल्या प्रती चाळीतल्या पोरांकडे गेल्या. शाळेत मराठी शिकलेली नीला सगळ्यात आधी वाचून आली आणि आबांना दारातच गाठून विचारू लागली, "आबा, आगे क्या हुआ?" आबा म्हणाले, "चल रहा है." तिने थोडा विचार केला आणि तिला ते पटलं. मुलांना झेपणार नाही म्हणे.

मग पुस्तकाला बक्षीस मिळालं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. मुलांमध्ये विज्ञाननिष्ठ दृष्टी रुजवल्याबद्दल एका मंडळाचं बक्षीस होतं, आणि घाटकोपरच्या एका सभागृहात समारंभ. मी जाणार नव्हते. आबा म्हणाले, जाऊया. त्यांनी पांढरा सदरा घातला, आणि काखेत आमची कापलेली प्रत धरली. सभागृहात शाळेची मुलं रांगेने आणून बसवली होती. त्यांना बटाटेवडा मिळणार असल्यामुळे ती शांत होती. प्रत माझ्याकडे देऊन आबा मागच्या रांगेत बसले. मंचावर भाऊसाहेब बोलले, पुष्कळ बोलले. अंधारातून प्रकाशाकडे वगैरे. या मुलीच्या हाती कच्चं सोनं होतं, आपण त्याला फक्त घडवलं, असंही म्हणाले. बिस्किटं त्यांच्या डोक्यातून अजून गेली नव्हती. मग त्यांनी सांगितलं की लेखिका आता रहस्यभेदाचं शेवटचं प्रकरण वाचून दाखवतील.

मी उठले. गप्प मुलीला मंचावर बोलावण्याचा एक धोका असतो, तो भाऊसाहेबांना माहीत नव्हता: ती पुढ्यात आहे तेवढंच वाचते. मी माझी प्रत उघडली आणि तिचं शेवटचं प्रकरण वाचू लागले. 'हे बालिके' जिथे होतं तिथे मी पाठ असलेलं मालवणी वाक्य म्हटलं. पुढच्या रांगेतली दोन पोरं एकदम सरळ बसली; कुठल्या गावची होती कोण जाणे. मुलगी त्याला शेवटच्या घराच्या दारापर्यंत नेते. घर झोपलेलं असतं. ती विचारते, आता कुठे? तो म्हणतो, पुढे. ती तिच्या बापाच्या वहाणा त्याच्यापुढे ठेवते, तो त्या पायात घालतो, आणि अंधारात नुसती चाल ऐकू येत राहते. मी थांबले. भाऊसाहेब माइकमधून म्हणाले, "पुढे, पुढे वाच." मी प्रत वर धरून मुलांना दाखवली. त्यापुढे नुसता पुठ्ठा होता.

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "तो चालतोय."

सभागृहात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून आबांचा आवाज आला, देवळात येतो तेवढाच.

"व्हय म्हाराजा."

आणि पुढच्या रांगेतली ती दोन पोरं, विचार न करता, सवयीने म्हणाली, "व्हय म्हाराजा."

भाऊसाहेबांनी मग आपल्या प्रतीतून रहस्यभेद स्वतःच वाचला. चांगलं वाचायचे ते. कुत्र्याचं भुंकणंही करून दाखवलं. मुलं दाराकडे, वड्यांच्या वासाकडे बघत होती. मी मंचावरून उतरून आबांकडे गेले आणि आम्ही बक्षीस न घेता बाहेर पडलो. त्यांची ती सगळी प्रतिष्ठित मंडळी आज कुठे आहेत मला माहीत नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, आणि भाऊसाहेबांचं काचेचं कपाट त्यांच्या मुलाने पुढे बुटांसाठी वापरल्याचं ऐकलं. ऐकून मला जो आनंद झाला तो लपवायचं वय आता राहिलेलं नाही.

स्टेशनकडे जाताना आबा माझ्या एक पाऊल पुढे होते, नेहमीसारखे. आबा गेल्यापासून मला ती पाठ आणि चपलेचा घासत येणारा तो आवाजच जास्त आठवतो. चेहरा आठवायला फोटो लागतो. मी धीर करून विचारलं, आबा, तरीसुद्धा बाहेर इतक्या प्रती गेल्यात. तो रागावला असेल का? धरेल का तुमच्यावर?

आबांनी चाल कमी केली नाही.

"रागावलो तर येतलो," ते म्हणाले. "येतलो तर चलतच येतलो मां? मगे झाला तर."